नुसत्या दातांवरून कोनोडोंटचा जीनस कसा ठरतो? हिंडिओडसच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न नीट वाचला. तुम्ही एमएससी जिऑलॉजीला आहात, सरांनी एक जुनी स्लाइड हातात दिलीय, काश्मीरच्या गुरयूल रॅव्हिनची, त्यात कोनोडोंट या नामशेष समुद्री प्राण्याचे सात एलिमेंट, म्हणजे दातासारखे सुटे तुकडे, चिकटवलेले आहेत आणि लेबलवर 'अँकिग्नॅथोडस' एवढंच लिहिलंय. नेटवर शोधलंत तर अगदी त्याच आकाराच्या फोटोखाली कुणी हिंडिओडस लिहिलंय, कुणी आयसार्सिसेला. मग तुम्ही विचारताय की प्राणी कुणी पाहिलेला नाही, हाडं नाहीत, शरीर नाही, नुसते मिलिमीटरभर दात, त्यावर जीनस (जवळच्या जातींचा गट) कसा काय ठरवतात, हे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे आहे का. आणि जाता जाता हेही विचारलंय की मुंबईत बसून प्रॅक्टिस म्हणून घरातली शहाबादी फरशी अॅसिडमध्ये टाकली तर काही मिळेल का.

फरशीचं नंतर सांगते. आधी मुख्य गोष्ट, की तुमची अडचण तीन नावांमुळे झालीय असं तुम्हाला वाटतंय पण ती खरं तर एक एलिमेंट म्हणजे एक प्राणी असं मनात धरल्यामुळे झालीय. तेवढं सोडलं की तिन्ही नावं आपापल्या जागी बसतात.

कोनोडोंटचा एलिमेंट म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचा तुकडा, बहुतेक वेळा मिलिमीटरच्या एक पंचमांशापासून दीड-दोन मिलिमीटरपर्यंत. १८५६ मध्ये पांडर यांनी हे पहिल्यांदा वर्णन केले तेव्हा त्यांना ते माशांचे दात वाटले. पण एका प्राण्याच्या तोंडात असे एक-दोन नाही तर अख्खा संच असायचा, आणि हिंडिओडस ज्या मोठ्या गटातला आहे त्या ओझार्कोडिनिडांमध्ये हा संच साधारण पंधराचा असतो. पी१ ची जोडी, पी२ ची जोडी, एम ची जोडी, मधोमध एकटा एस०, आणि त्याच्या दोन्ही अंगाला एस१ ते एस४ अशा चार जोड्या. पुढचे एस आणि एम लांब, बारीक, फांद्यांचे, भक्ष्य पकडायला, आणि मागचे पी जाड, आखूड, चावायला-कापायला. पी एलिमेंटवर घासल्याच्या खुणा मायक्रोस्कोपखाली दिसतात, म्हणून ते खरोखर चावायला वापरले जायचे हे आपण म्हणू शकतो. आता एकाच स्वयंपाकघरातलं पोळपाट, किसणी आणि अडकित्ता वेगवेगळ्या ठिकाणी सापडले आणि प्रत्येकाला वेगळ्या घराचं नाव दिलं तर जे होईल तेच कोनोडोंटच्या बाबतीत बरीच दशकं झालं. प्राणी मेला, शरीर कुजलं, पंधरा तुकडे तळाच्या चिखलात विखुरले, लाटांनी पांगवले, आणि आपल्याला अॅसिडमध्ये खडक विरघळवल्यावर सुटे सुटे मिळाले. ज्याने जो आकार पाहिला त्याला नाव दिलं.

असं नाव देणाऱ्यांना दोष देऊ नका हं. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि खडकाचं वय सांगायला ती आकारांची नावंसुद्धा उत्तम चालायची. १९३४ मध्ये जर्मनीत श्मिट आणि अमेरिकेत स्कॉट यांनी स्वतंत्रपणे असे शेल, म्हणजे चिखलापासून बनलेले पापुद्री खडक, दाखवले ज्यांच्या थरावर वेगवेगळ्या 'जीनस'चे एलिमेंट जोडीजोडीने, ठरलेल्या मांडणीत एकत्र पडलेले होते. म्हणजे प्राणी मेला तिथेच संच न हलता दबला गेला. तिथून पुढे हळूहळू पद्धत बदलली आणि नाव आकाराचं न राहता संचाचं झालं. पूर्ण बदल व्हायला साठ-सत्तरचं दशक उजाडलं, आणि तुमची स्लाइड नेमकी त्या संधिकाळातली दिसते.

आता हिंडिओडसचंच बघू, कारण तुमचं उत्तर यातच आहे. हिंडिओडस हे नाव १९६४ मध्ये रेक्सरोड आणि फर्निश यांनी दिलं, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पेला फॉर्मेशनच्या अभ्यासात, म्हणजे कार्बोनिफेरस या प्राचीन कालखंडाच्या सुरुवातीच्या भागातल्या खडकांवरून. ते नाव ज्या एलिमेंटवर बेतलं होतं तो दोन बाजूंना फांद्या असलेला, सिमेट्रिकल, म्हणजे आजच्या भाषेत एस०. मग १९७० मध्ये वॉल्टर स्वीट यांनी काश्मीरच्या गुरयूल रॅव्हिनच्या आणि पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजच्या पर्मियन आणि त्यानंतरचा ट्रायसिक या कालखंडांतल्या कोनोडोंटवर काम केलं आणि त्यात एका आखूड, पात्यासारख्या, पुढे उंच टोक असलेल्या एलिमेंटसाठी अँकिग्नॅथोडस हे नाव आणलं. तो पी१. पुढे त्याच दशकात लक्षात आलं की हा पी१ आणि तो जुना फांद्यांचा एलिमेंट एकाच प्रकारच्या संचातले आहेत. दोन्ही एकच प्राणी म्हटल्यावर नियम सरळ आहे, जे नाव आधी दिलं गेलं ते राहतं. १९६४ आधी येतं, म्हणून हिंडिओडस राहिलं आणि अँकिग्नॅथोडस त्यात विलीन झालं. १९७६ मध्ये कोझुर आणि प्याताकोवा यांनी पार्वस ही स्पिशीज, म्हणजे जीनसमधली एक जात, पहिल्यांदा मांडली तीसुद्धा अँकिग्नॅथोडस पार्वस म्हणूनच, आज आपण तिला हिंडिओडस पार्वस म्हणतो. म्हणजे तुमचं लेबल चुकीचं नाही, ते त्याच्या काळाप्रमाणे बरोबर आहे, आणि त्यावरून स्लाइड साधारण कधी तयार झाली असेल याचाही अंदाज येतो.

तुम्ही विचाराल की 'लक्षात आलं' म्हणजे नेमकं कसं आलं, कुणी ठरवलं. इथेच अंदाज आणि पुरावा यातला फरक आहे. पहिला पुरावा म्हणजे एकत्र सापडणं. एका सॅम्पलमध्ये दोन आकार एकत्र मिळाले तर त्याला काही अर्थ नाही, पण वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वयाच्या थरांत जिथे जिथे हा पी१ येतो तिथे तिथे तोच एम आणि तेच एस येत राहिले, आणि पी१ संपतो तिथे तेही संपतात, तर मग योगायोग म्हणणं कठीण होतं. दुसरा, बनावट. दातांची जाडी, टोकाचा बाक, आतला अपारदर्शक पांढरा भाग किती आणि कुठवर, खालची पोकळी कशी, हे एका संचातल्या एलिमेंटमध्ये मिळतंजुळतं असतं. पाण्याच्या थेंबात ठेवून खालून प्रकाश सोडला की हा पांढरा भाग फार स्पष्ट दिसतो, एकदा बघाच. तिसरा आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे न विखुरलेले संच आणि एकमेकांना चिकटून राहिलेले झुबके. हिंडिओडसच्या बाबतीत हेही नशिबाने मिळालंय, जपानमध्ये पर्मियन-ट्रायसिक सीमेवरच्या क्लेस्टोनमध्ये थरावर पडलेले संच मिळाले आणि चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या शांग्सीहून चिकटलेले झुबके. जे आधी सुट्या तुकड्यांवरून तर्काने जुळवलं होतं ते प्रत्यक्ष एकत्र पडलेल्या संचांशी ताडून बघता आलं. त्यामुळे अंदाजपंचे म्हणू नका, यात तर्क आहे आणि तो तपासलेला आहे.

'प्राणी कुणी पाहिलेला नाही' हेही अर्धंच खरं. हिंडिओडसचं शरीर सापडलेलं नाही, बरोबर. पण १९८३ मध्ये ब्रिग्ज, क्लार्कसन आणि ऑल्ड्रिज यांनी स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या ग्रँटनच्या थरातला एक नमुना प्रसिद्ध केला, साधारण चार सेंटिमीटर लांबीचा, बारीक ईलसारखा, शेपटीला पर, आणि डोक्याशी कोनोडोंटचा संच जागच्या जागी. तो खडक आधीच गोळा करून संग्रहात ठेवलेला होता, कोळंबीच्या फॉसिलसाठी बघताना क्लार्कसन यांच्या नजरेस पडला. नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या सूम शेलमधून प्रोमिसम हा कोनोडोंट मिळाला, तो तर चाळीस सेंटिमीटरच्या घरातला. म्हणजे प्राण्याचा साधारण आराखडा माहीत आहे. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांशी त्यांचं नातं नेमकं किती जवळचं यावर अजून वाद आहेत, पण त्याने तुमच्या स्लाइडला काही फरक पडत नाही.

आता स्लाइडकडे वळू. तुम्ही लिहिलंय की सातपैकी पाच सारखे दिसतात, 'पुढे एक मोठं टोक आणि मागे पाच-सहा छोटे', आणि दोन 'तुटक्या कंगव्यासारखे'. पाच बहुधा पी१ आहेत आणि दोन फांद्यांचे एस किंवा एम. हिंडिओडसचा पी१ ओळखायला मी आधी वरून बघत नाही, बाजूने बघते. आखूड पातं, त्याच्या एका टोकाला मुख्य सुळा म्हणजे कस्प, मागे दातांची एकच ओळ, आणि खाली मागच्या बाजूला पसरट वाटी, जिच्या आत मोठी पोकळी. कस्प अगदी टोकाशी आणि वाटी त्याच्या मागे पसरलेली, हे जमलं की जीनसबद्दल मला फारशी शंका राहत नाही.

स्पिशीजला मात्र घाई करू नका. पार्वसमध्ये कस्प मागच्या दातांच्या मानाने ठळक उंच असतो, दात थोडे, सुटे आणि जवळजवळ एका उंचीचे, आणि एकूण एलिमेंट लहान. टिपिकॅलिस या हिंडिओडसच्याच दुसऱ्या स्पिशीजमध्ये कस्प आणि दात यांच्यात एवढा फरक दिसत नाही. हे पुस्तकात वाचायला सोपं वाटतं पण टेबलावर तीन गोष्टी आड येतात. एक म्हणजे वय. एलिमेंट बाहेरून थरावर थर चढत वाढतो, त्यामुळे पिल्लाच्या पी१ चं आणि मोठ्याच्या पी१ चं कस्प-दात प्रमाण वेगळं असतं, आणि दुसऱ्याच स्पिशीजचं पिल्लू लहान म्हणून पार्वस वाटू शकतं. दुसरं, मोडतोड. कस्प अर्ध्यात तुटला तर तो बुटका दिसतो आणि तुम्ही टिपिकॅलिस लिहून मोकळे होता. म्हणून कस्पचं टोक मोठ्या झूमवर बघा, ताजा तुटलेला भाग सपाट आणि चमकदार दिसतो, धार कडक असते, आणि मूळ टोक निमुळतं होत जातं. तिसरं, मधले नमुने. पार्वस ज्या आधीच्या हिंडिओडसपासून आला असं मानतात त्यांच्यात आणि त्याच्यात एका रात्रीत फरक पडलेला नाही, त्यामुळे मधल्या अवस्थेतले एलिमेंट असतात आणि अनुभवी माणसांचंही त्यांच्यावर एकमत होत नाही. याला उपाय एकच, एका एलिमेंटला नाव न देता त्या थरातल्या सगळ्या पी१ ना रांगेत लहानापासून मोठ्यापर्यंत लावून बघायचं, मग कळतं की हा वेगळा आहे की हा त्याच रांगेतला लहान आहे. पाच पी१ ही रांग फार छोटी आहे. त्यावर मी स्पिशीज लिहिणार नाही.

आयसार्सिसेलाचं कोडं यात लगेच सुटतं. त्या पी१ मध्ये दातांची मुख्य ओळ तर असतेच, शिवाय वाटीच्या बाजूवर जास्तीचा दात उगवलेला असतो. एका बाजूला असेल तर स्टाएशेई, दोन्ही बाजूंना असतील तर आयसार्सिका, असं सर्वसाधारणपणे धरतात. ही मंडळी पार्वसच्या नंतरच्या थरांत येतात आणि हिंडिओडसमधूनच निघाली असं मानलं जातं, म्हणून बाजूने काढलेल्या फोटोत ती हिंडिओडससारखीच दिसतात. बाजूचा दात वरून बघितल्याशिवाय दिसत नाही. नेटवरच्या फोटोंनी तुमचा घोळ झाला तो यामुळे असावा. ट्रेमध्ये एलिमेंट उलटसुलट करून, वरून, बाजूने आणि खालून बघायची सवय लावून घ्या.

आणि एवढा काथ्याकूट कशासाठी तेही सांगते, कारण पार्वस हा काही साधा कोनोडोंट नाही. पॅलिओझोइक संपून ट्रायसिक सुरू झालं ही जगभरची रेघ याच स्पिशीजच्या पहिल्या येण्यावर ओढलीय. चीनमध्ये झेजियांग प्रांतात मैशान नावाची जागा आहे, तिथल्या डी सेक्शनमध्ये २७सी या थराच्या तळाशी पार्वस पहिल्यांदा दिसतो, आणि २००१ मध्ये तीच जागा अधिकृत सीमा म्हणून मान्य झाली. वय साधारण २५ कोटी १९ लाख वर्षं. समुद्रातल्या बहुसंख्य स्पिशीज ज्यात गेल्या तो मोठा संहार या रेघेच्या किंचित खाली आहे, रेघेवर नाही, हे बरेच विद्यार्थी विसरतात. तुमचं गुरयूल रॅव्हिनसुद्धा या सीमेच्या उमेदवारांमध्ये होतं, श्रीनगरच्या आग्नेयेला खुनमोहजवळ. तिथून आलेल्या पी१ ला पार्वस म्हणणं म्हणजे तो थर ट्रायसिक आहे असं म्हणणं, आणि टिपिकॅलिस म्हटलं तर थर सीमेच्या खालचाही असू शकतो आणि वरचाही, कारण टिपिकॅलिस ती रेघ ओलांडतो. हा जीनस कार्बोनिफेरसपासून चालत आला, एवढ्या मोठ्या संहारातून तगला आणि ट्रायसिकच्या सुरुवातीलाच संपला, मला तरी याचं आकर्षण अजून कमी झालेलं नाही.

काय काय परिस्थितीवर अवलंबून असतं तेही स्पष्ट सांगायला हवं. प्राण्याच्या तोंडात पी१ दोन आणि एस नऊ, म्हणजे हिशेबाने सॅम्पलमध्ये एस चौपटीहून जास्त मिळायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं होतं, कारण बारीक फांद्या प्रवाहात वाहून जातात, खडक दाबला जाताना मोडतात, आणि उरलेल्या आपण चाळताना घालवतो. वरची चाळणी जाड आणि खालची बारीक असते, आणि खालची जरा मोठ्या भोकांची घेतली की पार्वसची पिल्लं आणि एस च्या फांद्या सरळ बेसिनमध्ये. जुन्या स्लाइडमध्ये तर अजून एक चाळण असते, ती म्हणजे वेचणाऱ्याची नजर. त्या काळी अनेक जण ओळखायला सोपे पी१ तेवढे उचलायचे, बाकीचे गाळातच राहायचे. म्हणून तुमच्या स्लाइडमध्ये पाच पी१ आणि दोनच फांद्यांचे आहेत यावरून त्या थरात काय प्रमाण होतं हे काढू नका. सरांकडे त्या सॅम्पलचा न वेचलेला गाळ कुठे बाटलीत पडला असेल तर तो आधी मागा, तुमचं निम्मं काम त्यात आहे.

जागेवरही अवलंबून असतं. हिंडिओडस उथळ पाण्याच्या थरांत जास्त आणि क्लार्किना हा दुसरा कोनोडोंट जीनस खुल्या, खोल समुद्रात जास्त, असं साधारणपणे दिसतं. त्यामुळे एखाद्या थरात पार्वस नाही म्हणजे तो काळ अजून आला नव्हता असं नाही, पाणी त्याच्या सोयीचं नसेल असंही असू शकतं. आणि रंग. कोनोडोंट तापला की रंग बदलतो, फिकट पिवळ्यापासून तपकिरी, मग काळा, आणि १९७७ पासून याचा १ ते ५ असा इंडेक्स वापरतात, ५ म्हणजे खडक ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. तेल शोधणाऱ्यांना हा इंडेक्स फार उपयोगी, कारण खडक तेलासाठी बेताचा तापला की करपला हे त्यावरून कळतं. पण ओळखणाऱ्याला काळा एलिमेंट त्रासाचा, आतला पांढरा भाग दिसेनासा होतो आणि तुम्हाला फक्त बाह्यरेषेवर भिस्त ठेवावी लागते. तुमचे काळे असतील तर तेवढी सूट स्वतःला द्या.

आता मुंबई आणि फरशी. मुंबईच्या पायाखाली डेक्कन ट्रॅप आहे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा बेसॉल्ट आणि त्याच्यासोबतचे खडक. अंधेरीचा गिल्बर्ट हिल लाव्हाचा, आणि वरळीच्या टेकडीत दोन लाव्हांमधल्या गाळात बेडकांचे सुंदर फॉसिल मिळालेत, पण तो गोड्या पाण्याचा गाळ आणि तोवर कोनोडोंट संपून तेरा-साडेतेरा कोटी वर्षं होऊन गेलेली. शहाबादी फरशी लाइमस्टोनच आहे, अॅसिडमध्ये विरघळेलही, पण ती भीमा बेसिनची, कोनोडोंट जन्माला यायच्या आधीची. कोटा स्टोनही तसाच, जुना. जैसलमेरचा पिवळा दगड ज्युरासिक, पोरबंदरचा त्याहून खूप अलीकडचा, म्हणजे हे दोन्ही उशिराचे. देवघरातला शाळिग्राम अमोनाइट आहे पण तोही ज्युरासिकचा. कोनोडोंट साधारण ५० कोटी ते २० कोटी वर्षांच्या मधल्या समुद्री खडकांत मिळतात आणि भारतात असे खडक मुख्यतः काश्मीर, झंस्कार, स्पिती, कुमाऊँ या पट्ट्यात. आपल्या घरात-रस्त्यात दिसणारा जवळजवळ प्रत्येक चुनखडीचा दगड या खिडकीच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला पडतो. फरशी फोडू नका.

एक अपवाद बघण्यासारखा आहे. भेटवस्तूंच्या दुकानांत काळ्या दगडात पांढरट लांबुळके ऑर्थोसेरस असलेल्या पॉलिश केलेल्या प्लेटा मिळतात, मोरोक्कोच्या, त्यातला बराच दगड डेव्होनियन लाइमस्टोन असतो आणि मोरोक्कोच्या त्या वयाच्या लाइमस्टोनमध्ये कोनोडोंट मिळतात. तुटलेली प्लेट स्वस्तात मिळाली तर घ्या, आधी तिच्यात राळ किंवा सिमेंट भरलेलं नाही ना बघा. हिंडिओडस त्यात नसणार, पण हात बसायला चालेल. मिळतीलच असं मात्र नाही, एवढ्याशा दगडात एकही न मिळणं अगदी नेहमीचं आहे, आम्हीसुद्धा किलोंनी खडक विरघळवतो.

विरघळवायचं काम कॉलेजच्या लॅबमध्येच, धूर ओढणाऱ्या कपाटात. ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड कातडी भाजतं आणि त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, वन बीएचकेच्या बाल्कनीत करायचं ते काम नाही. दहा टक्क्यांच्या आसपास पातळ करा, त्याहून कडक नको. आणि हायड्रोक्लोरिक अजिबात नाही, ते खडकाबरोबर फॉस्फेटही खातं, तुम्हाला स्वच्छ रिकामी बादली मिळेल. अॅसिटिकसुद्धा ताजं आणि नुसतं वापरलं तर एलिमेंटच्या पृष्ठभागाला चरे पाडतं, म्हणून आधीच्या वेळचं वापरलेलं द्रावण थोडं त्यात घालतात, त्यात विरघळलेलं कॅल्शियम असतं त्याने अॅसिडचा जोर आटोक्यात राहतो. खडक सुपारीएवढे तुकडे करून प्लास्टिकच्या बादलीत, जाळीवर तरंगता ठेवा म्हणजे मोकळे झालेले एलिमेंट खाली पडून दगडाखाली चिरडत नाहीत. राहिलेला गाळ चाळा, वाळवा, जड द्रवात टाका. कॅल्साइट, क्वार्ट्झ तरंगतात आणि कोनोडोंट बुडतात कारण फॉस्फेट जड. पूर्वी ब्रोमोफॉर्म वापरायचे, विषारी आहे, आता सोडियम पॉलिटंगस्टेट पाण्यात विरघळवून वापरा, महाग आहे पण गाळून परत वापरता येतं.

वेचण्याचा सराव मात्र घरी आजपासून होऊ शकतो आणि त्याला अॅसिड लागत नाही. जुहूची किंवा अक्साची मूठभर वाळू आणा, गोड्या पाण्यात धुवा, वाळवा, काळ्या ट्रेवर पातळ पसरा आणि त्यातले फोरॅमिनिफेरा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीवांची कवचं, वेचा. हातासाठी काम तेच. तीन शून्यांचा ब्रश, टोक ओठांनी नाही तर पाण्याने ओलं करायचं, जास्तीचं पाणी टिपकागदावर टेकवायचं, आणि कणाला वरून दाबायचं नाही, बाजूने नुसतं टेकवायचं, तो आपसूक चिकटून येतो. जास्त ओला ब्रश असेल तर कण केसांच्या आत शिरतो आणि मग तो शोधण्यात संध्याकाळ जाते. कोरडा ब्रश असेल तर कण उडतो. वाळूवर हे जमलं की पार्वसचा अर्ध्या मिलिमीटरचा पी१ उचलताना हात थरथरणार नाही.

आणि मुंबईचा पावसाळा. स्लाइडमध्ये एलिमेंट चिकटवायला ट्रॅगाकांथ गोंद वापरतात, तो पाण्याने परत सुटतो म्हणून बरा. पण जूनपासून इथल्या हवेत तो ओल धरतो, एलिमेंट जागचे सरकतात, आणि त्यावर बुरशी चढते. बुरशीचे पांढरे तंतू एस च्या फांद्यांमध्ये अडकले की फोटोत ते दात वाटतात, हे लक्षात ठेवा. गोंद करताना त्यात लवंग तेलाचा एक थेंब टाका, स्लाइड हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, आणि जुन्या स्लाइडवर बुरशी आधीच असेल तर ओल्या ब्रशने एकेक एलिमेंट सोडवून, डिस्टिल्ड पाण्यात धुऊन नव्या स्लाइडवर घ्या. घेताना जुन्या स्लाइडचा फोटो आधी काढा, कोणता एलिमेंट कोणत्या चौकटीत होता त्याची नोंद नसेल तर ती स्लाइड निम्मी वाया गेली समजा.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं, तर माझ्या मते असं: 'हिंडिओडस एसपी., पी१ एलिमेंट पाच, फांद्यांचे एलिमेंट दोन, मूळ लेबल अँकिग्नॅथोडस'. स्पिशीजच्या जागी एसपी. लिहिलं म्हणून कुणी मार्क कापत नाही, आणि कापले तर हे उत्तर दाखवा. जुनं लेबल खरवडू नका, त्याच्या शेजारी नवं लावा, तारीख आणि तुमचं नाव घालून. न वेचलेला गाळ मिळाला आणि त्यातून पंचवीस-तीस पी१ निघाले तर स्पिशीजचा विचार नव्याने करू.

तुम्ही फोटो टाकायला तयार आहात असं म्हणालात ते चांगलं झालं. प्रत्येक पी१ चे तीन हवेत, बाजूने, वरून आणि खालून, खालच्यात पोकळी पूर्ण दिसली पाहिजे, आणि प्रत्येक फोटोत स्केल. मोबाइल आयपीसला लावून काढलेले चालतील, फक्त प्रकाश एका बाजूने तिरका द्या म्हणजे दातांमधल्या खाचा उठून दिसतील. त्या दोन तुटक्यांचेही टाका, ते एस० असतील तर मला त्यातच जास्त रस आहे.